किल्लारीची ती पहाट आणि परिचारिकेचे शास्त्र

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त किल्लारी येथे परिचर्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थिनींसमोर झालेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी संस्थेने व्याख्यानासाठी पेशीविज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र आणि आहारशास्त्र हे विषय निवडले आणि स्थळ म्हणून किल्लारी निश्चित केले, यात मोठे औचित्य आहे. परिचर्येच्या अभ्यासक्रमात आरंभीच हे विषय येतात. त्यांची पुस्तके वेगळी, तास वेगळे, प्रश्नपत्रिकाही वेगळ्या. त्यामुळे अनेक विद्यार्थिनींना ते पाठ करून उत्तीर्ण व्हायचे आणि मग मागे टाकायचे विषय वाटतात. रुग्णाच्या खाटेशी मात्र ते कधीच वेगवेगळे येत नाहीत. एकाच देहात, एकाच वेळी पेशी मरत असते, जंतू वाढत असतो आणि अन्नावाचून शक्ती खचत असते. हे तिन्ही एकत्र कसे येतात, ते या भूमीने पाहिले आहे.

जैन आचारधर्मात 'यतना' किंवा प्राकृतात 'जयणा' हा एक सुंदर शब्द आहे. चालताना, बसताना, अन्न शिजवताना, पाणी भरताना डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाचेही भान ठेवणे म्हणजे यतना. परिचारिकेच्या शास्त्राचा गाभाही हाच आहे. डोळ्यांना जे दिसत नाही त्याची हातांनी काळजी घेणे, हे तिचे काम. आजचे विवेचन या एका सूत्राभोवती आहे.

३० सप्टेंबर १९९३

२९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. दिगंबर परंपरेत दशलक्षण पर्वाची सांगता याच तिथीला होते आणि गावोगावी गणेश विसर्जनही याच दिवशी असते. मिरवणुका आटोपून गावे निजली आणि गुरुवारी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता सहाहून अधिक होती आणि त्याचे केंद्र भूपृष्ठापासून फार खोल नव्हते. लातूर जिल्ह्यातील औसा तालुका आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील उमरगा तालुका यांना सर्वाधिक तडाखा बसला. मृतांच्या नोंदी आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत वेगवेगळ्या आढळतात. बावन्न गावे जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त झाली आणि पुढे ती नव्या जागी वसवावी लागली.

एवढ्या तीव्रतेच्या भूकंपात एवढी माणसे का दगावली, याचे उत्तर घरांच्या रचनेत आहे. दोन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, त्यांच्या सांध्यांत चुन्याऐवजी माती, वर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर दिलेले माळवद. उन्हाळ्यात ही घरे गार राहत. परंतु हादऱ्यात दगडाला दगड धरून ठेवणारे काही त्यांच्यात नव्हते. भिंती कोसळल्या आणि माळवदाची माती झोपलेल्या माणसांच्या अंगावर आली. इथेच परिचारिकेच्या पहिल्या विषयाचा, पेशीविज्ञानाचा, आरंभ होतो.

पेशी : सजीवाचे घर

१६६५ साली रॉबर्ट हूक याने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यातील रिकाम्या कप्प्यांना मठातील खोल्यांवरून नाव दिले. मराठीत तिला पेशी म्हणतात. हूकने पाहिलेले कप्पे मृत होते. जिवंत पेशी रिकामी नसते. तिला पटल असते, केंद्रक असते आणि तंतुकणिका असतात. या तंतुकणिका म्हणजे पेशीची चूलच. अन्नातील शर्करा आणि श्वासातील प्राणवायू यांच्या साहाय्याने तिथे ऊर्जा तयार होते.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के असते. परंतु विश्रांतीच्या वेळी तो शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे एक पंचमांश वापरतो. चार ते सहा मिनिटे प्राणवायू मिळाला नाही, की मेंदूच्या पेशींची भरून न येणारी हानी सुरू होते. ढिगाऱ्यातून माणूस बाहेर काढल्यावर प्रथम त्याच्या तोंडा-नाकातील माती काढून श्वासमार्ग मोकळा करायचा, जखम आणि मोडलेले हाड नंतर पाहायचे, हा क्रम याच कारणाने ठरला आहे. ज्या विद्यार्थिनीला तंतुकणिकेचे कार्य नीट कळले, तिला हा क्रम पाठ करावा लागत नाही.

पेशीपटलाचे काम त्याहूनही बारकाईचे आहे. पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडे. बाहेर रक्तात नेमके उलट. रक्तात पोटॅशियमचे प्रमाण दर लिटरला साधारण ३.५ ते ५ मिलिमोल असते, तर पेशीच्या आत ते १४० च्या आसपास असते. हा फरक टिकवण्यासाठी पटलातील एक पंप अहोरात्र तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. हा पंप १९५७ मध्ये येन्स स्कोव यांनी दाखवून दिला आणि त्यासाठी त्यांना १९९७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दबलेला स्नायू

पुस्तकातील या पंपाचा भूकंपाशी थेट संबंध आहे. तुळईखाली किंवा दगडाखाली मांडी तासन्‌तास दबून राहते, तेव्हा स्नायूंच्या पेशी फुटू लागतात. पंप थांबतो. पेशीतील पोटॅशियम आणि मायोग्लोबिन हे लाल द्रव्य बाहेर साचत जाते. वजन अंगावर असते तोवर रक्तप्रवाह अडलेला असतो, म्हणून ते तिथेच राहते. दगड उचलला, की ते सारे एकदम रक्तात मिसळते.

यातील करुण भाग असा, की सुटका झालेला माणूस बोलतो, पाणी मागतो, घरच्यांची चौकशी करतो. भोवतालच्यांना वाटते, हा वाचला. परंतु पोटॅशियम हृदयाची गती बिघडवते आणि मायोग्लोबिन मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिका बंद करते. काही तासांत हृदय थांबू शकते. काही दिवसांत मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. १९४१ मध्ये लंडनवरील बॉम्बहल्ल्यांत इमारतींखाली सापडलेल्या रुग्णांवरून बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी या अवस्थेचे वर्णन केले. १९८८ च्या आर्मेनियातील भूकंपात असे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि त्यानंतर अशा आपत्तींत डायलिसिसची मदत पोहोचवण्यासाठी जगभरातील मूत्रपिंडतज्ज्ञ संघटित झाले.

यात परिचारिकेचा वाटा मोठा आहे. शक्य असेल तर दगड उचलण्यापूर्वीच शिरेतून साधे सलाईन सुरू करावे लागते. पोटॅशियम असलेले द्रावण इथे वर्ज्य. नंतर दर तासाला लघवी किती झाली आणि तिचा रंग कोणता, याची नोंद ठेवावी लागते. काळ्या चहासारख्या रंगाची लघवी ही धोक्याची सूचना. 'लघवी कमी, रंग गडद' एवढीच वेळेवर केलेली नोंद डॉक्टरांना सावध करते. ही नोंद चुकली, तर ढिगाऱ्यातून वाचवलेला माणूस खाटेवर दगावू शकतो.

मातीतील जंतू

दुसरा विषय सूक्ष्मजीवांचा. सतराव्या शतकात हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक या कापड व्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगांतून पाण्याचा थेंब पाहिला आणि त्यात हालचाल करणारे जीव त्याला दिसले. १६७६ च्या पत्रात त्याने त्यांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. पाण्याच्या थेंबात असंख्य जीव असतात, ही धारणा जैन परंपरेत त्यापूर्वी शतकानुशतके होती. मात्र शास्त्रातील 'निगोद' म्हणजेच आजचे जीवाणू, असे समीकरण मांडण्याची घाई करू नये. एक दर्शनाची संकल्पना आहे, दुसरी प्रयोगाने सिद्ध होणारी वस्तू आहे. दोन्हींतून निघणारी सावधगिरी मात्र एकाच दिशेने नेते.

माळवदाच्या मातीत, गोठ्याच्या जमिनीत, शेणात धनुर्वाताचे जंतू, क्लोस्ट्रिडियम टेटानी, बीजाणूंच्या रूपात असतात. बीजाणू म्हणजे कवचात निजलेला जंतू. तो वर्षानुवर्षे टिकतो आणि साध्या उकळण्यानेही खात्रीने मरत नाही. या जंतूला प्राणवायू चालत नाही. म्हणून वरून लहान दिसणारी, पण खोल गेलेली, आत माती व मृत मांस अडकलेली जखम त्याला सर्वांत सोयीची. साधारण ३ ते २१ दिवसांत जबडा आखडू लागतो. त्याच जातीचे दुसरे जंतू वायुकोथ घडवतात. त्यात जखमेभोवतीची कातडी दाबली असता आत हवा चुरचुरते. २००६ च्या इंडोनेशियातील योग्यकार्ता भूकंपानंतर धनुर्वाताचे अनेक रुग्ण आढळले. ज्यांचे लसीकरण झालेले नव्हते, अशा प्रौढांना भूकंपाच्या जखमांपासून हा धोका अधिक असतो.

यावरून काही नियम निघतात. मातीने भरलेली जखम प्रथम भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावी. मृत मांस शल्यवैद्याने काढेपर्यंत ती घाईने शिवू नये. लसीची विचारपूस प्रत्येक जखमीकडे करावी. भारतात २०१९ पासून केवळ धनुर्वाताच्या लसीऐवजी धनुर्वात आणि घटसर्प या दोहोंवरील 'टीडी' लस देण्याचे धोरण आले. शस्त्रक्रियेची साधने केवळ उकळून भागत नाही. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअस तापमान आणि १५ पौंड दाब किमान १५ मिनिटे राखला, तरच बीजाणू मरतात.

भूकंपानंतर एक गैरसमज नेहमी पसरतो, की ढिगाऱ्याखालील मृतदेहांमुळे साथ येणारच. जागतिक आरोग्य संघटनेने तो निराधार ठरवला आहे. आघाताने दगावलेल्याच्या देहात साथीचे जंतू सहसा नसतात. साथ येते ती जिवंतांच्या गर्दीतून, दूषित पाण्यातून आणि उघड्यावरील शौचातून. म्हणूनच मृतांची ओळख पटवून आप्तांच्या हाती सन्मानाने देह सोपवण्यास वेळ देता येतो. शोकाकुल कुटुंबासाठी हे शास्त्रीय सत्य मोठा आधार आहे.

भूकंपानंतर अकरा महिन्यांनी, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला गावात प्लेगचे रुग्ण आढळले आणि पाठोपाठ सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगने हाहाकार उडवला. भूकंपामुळे रानातील उंदीर विस्थापित झाले आणि ओस घरांतील धान्यावर पोसले गेले, असा दुवा काही अभ्यासकांनी मांडला. तो निर्विवाद सिद्ध झालेला नाही; परंतु आपत्तीनंतर उंदीर, पिसवा आणि धान्याची कोठारे यांकडे लक्ष ठेवावे, हा धडा पक्का आहे. प्लेगशी महाराष्ट्राचा परिचय जुना आहे. १८९७ च्या पुण्यातील साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च रोजी त्यांनी देह ठेवला. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत वॉल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. सेवेला शास्त्राचे कवच हवे, हे त्या वर्षाने शिकवले.

गाळलेले पाणी, उकळलेले पाणी

जैन घरांत पाणी गाळून घेण्याची रीत लहानपणापासून अंगवळणी पडते. तिचे शास्त्रीय मोल किती, याचा प्रामाणिक विचार व्हायला हवा. बांगलादेशातील मतलब भागात रिटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५ खेड्यांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या सुती साडीच्या घड्या घालून त्यातून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे रुग्ण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले. याचे कारण असे, की पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतात आणि ते प्राणी कापडाच्या घडीत अडकतात. जुने कापड नव्यापेक्षा चांगले ठरते; वारंवार धुतल्याने त्याचे तंतू पिंजून छिद्रे बारीक होतात.

याच आकड्याची दुसरी बाजूही विद्यार्थिनीने पाहावी. निम्मे रुग्ण टळले, निम्मे टळले नाहीत. सुटा जंतू एक-दोन मायक्रोमीटरचा. घडीचे छिद्र वीसच्या आसपास. कावीळ घडवणारे विषाणू तर त्याहून कितीतरी लहान. म्हणून गाळणे ही पहिली पायरी. त्यानंतर पाण्याला खळखळून उकळी आणणे किंवा त्यात क्लोरीन घालून किमान अर्धा तास थांबणे आवश्यक. परंपरेतील उकळलेल्या पाण्याच्या नियमाला इथे विज्ञानाची पूर्ण साक्ष मिळते. गाळलेले पाणी गढूळ नसल्याने क्लोरीनही अधिक प्रभावी ठरते.

लातूर जिल्ह्याने पाण्याचे दुर्भिक्ष्यही भोगले आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वेने लातूर शहराला पाणी आणावे लागले होते. पाणी तुटते तेव्हा माणूस प्रथम हात धुण्यात काटकसर करतो आणि तिथेच अतिसार शिरतो. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्यास लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. जंतू हे कारण तेव्हा सिद्धही झाले नव्हते. परिचारिकेने पाणी जपावे, परंतु दोन रुग्णांमध्ये हात धुण्याचे पाणी कधीही वाचवू नये.

आणि अतिसार झालाच, तर पुन्हा पेशीविज्ञान धावून येते. आतड्याच्या पेशीत एक असे द्वार आहे, जिथून सोडियम आणि ग्लुकोज हातात हात घालून आत शिरतात आणि त्यांच्यामागे पाणी जाते. पटकीतही हे द्वार उघडे राहते. मीठ-साखरेच्या पाण्याचे सारे सामर्थ्य त्या द्वारात आहे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी हे द्रावण ड्रममधून नातेवाइकांच्या हाती दिले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. पाकीट नसेल तेव्हा एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडले तर अपाय होतो, म्हणून चमचा सपाटच हवा.

हिंसेचा प्रश्न

जैन घरातून आलेल्या विद्यार्थिनीच्या मनात इथे एक प्रश्न उभा राहू शकतो. जंतुनाशकाने असंख्य सूक्ष्मजीव मरतात; मग हे काम अहिंसेशी सुसंगत कसे? परंपरेने याचा विचार केलेला आहे. हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले जातात. मारण्याच्याच हेतूने केलेली संकल्पी हिंसा गृहस्थाने सर्वथा टाळावयाची. उर्वरित प्रकार जीवनव्यवहारात अपरिहार्य मानून त्यांत यतना राखावयाची. रुग्णाचे प्राण राखण्यासाठी केलेले निर्जंतुकीकरण या दुसऱ्या कक्षेत येते. उलट, हात न धुता एका रुग्णाचा जंतू दुसऱ्याला देणे ही प्रमादातून घडलेली हिंसा होय आणि प्रमादाला परंपरेने कधी क्षमा दाखवलेली नाही. अनावश्यक प्रतिजैविक न देणे हेही यतनेचेच अंग आहे; त्याने जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका कमी होतो.

अन्न : ज्वारी, डाळ आणि पारणे

तिसरा विषय आहाराचा. भूकंपानंतर गावोगावी सामूहिक भोजनगृहे उभी राहतात आणि लोक मन भरून दान देतात. भारतीय जैन संघटनेच्या वतीने शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांना पुण्यात नेले आणि त्यांच्या निवास-शिक्षणाची व्यवस्था केली. वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र त्या कार्यातून उभे राहिले. वाढत्या वयाच्या एवढ्या मुलांच्या रोजच्या ताटाचा विचार हा आहारशास्त्राचाच विषय आहे.

आपत्तीत दान कसे असावे, यालाही शास्त्र आहे. तान्ह्या बाळासाठी दुधाच्या भुकटीचे डबे वाटणे सद्भावनेचे असले, तरी दूषित पाणी आणि अस्वच्छ बाटली यांमुळे तेच डबे अतिसाराचे कारण ठरतात. घाबरलेल्या आईला दूध येणार नाही, ही समजूतही बरोबर नाही. तिला धीर, निवारा, पाणी आणि अन्न दिले आणि बाळ वारंवार पाजले, तर दूध येत राहते. भारतात १९९२ च्या कायद्याने बालदुग्धपर्यायांच्या जाहिरातीवर व मोफत वाटपावर निर्बंध आहेत, ते याच कारणाने.

मराठवाड्याचे ताट मुळात समंजस आहे. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी असते, तुरीच्या डाळीत ते भरपूर. डाळीत जे उणे असते ते ज्वारी भरून काढते. भाकरी आणि वरण एकत्र खाल्ल्याने पेशींना बांधणीचे साहित्य पूर्ण मिळते. केवळ ज्वारीवर राहिल्यास काय होते, हेही दख्खनने पाहिले आहे. ज्वारी खाणाऱ्या गरीब कुटुंबांतील पेलाग्रा या त्वचारोगाचा अभ्यास डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबाद येथे केला. ज्वारीतील ल्युसिनच्या आधिक्याचा त्यांनी मांडलेला संबंध पुढे वादाचा ठरला. तथापि एकाच धान्यावर जगणे घातक, यावर दुमत नाही. हाड मोडलेल्या, जखम भरत असलेल्या रुग्णाला तर नेहमीपेक्षा अधिक प्रथिने लागतात. त्याला नुसती पेज देत राहणे म्हणजे गवंड्याला विटांवाचून भिंत बांधायला सांगणे होय.

लोहाचा हिशेबही असाच पाहावा. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ४ मिलिग्रॅम लोह असते. दिवसाला २०० ग्रॅम पिठाच्या भाकरी खाल्ल्या तर ८ मिलिग्रॅम. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी सांगितलेली दैनंदिन गरज २९ मिलिग्रॅम आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, तो या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा. धान्यातील लोह शरीरात कमी शोषले जाते. जेवणावर लिंबू पिळले, आवळा किंवा पेरू खाल्ला तर ते अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी. लिंबाची एक फोड आणि चहाला तासभराचा उशीर, हा सल्ला कोणत्याही घराला परवडतो.

ज्यांना कंदमुळे वर्ज्य आहेत, त्यांच्या आहारात गाजर नसल्याने बिघडत नाही; शेवग्याची पाने, तांबडा भोपळा, पपई, आंबा यांतून 'अ' जीवनसत्त्वाची गरज भागते. खरी चिंता बी-१२ ची आहे. वनस्पतिज अन्नातून ते भरवशाने मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध-दह्यातून मिळते. ते कमी पडले, की अस्थिमज्जेतील पेशींचे विभाजन रखडते, तांबड्या पेशी मोठ्या आणि थोड्या होतात, मज्जातंतूंचे आवरण झिजते आणि हातापायांना मुंग्या येतात. अशा वेळी केवळ फॉलिक आम्ल दिले तर रक्त सुधारल्यासारखे दिसते, परंतु मज्जातंतूंची हानी चालूच राहते. म्हणून दूधही न घेणाऱ्या, वयोवृद्ध किंवा सतत थकवा जाणवणाऱ्या शाकाहारी व्यक्तीने तपासणी करून वैद्यकीय सल्ल्याने पूरक मात्रा घ्यावी. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

उपवासाविषयीही बोलणे आवश्यक आहे. अठ्ठाई किंवा मासखमणाच्या पारण्याला मुगाच्या पाण्यासारखे हलके अन्न थोडे-थोडे देण्याची रीत आहे. दीर्घ उपासानंतर एकदम भरपेट पिष्टमय अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने पेशींत ओढले जाते आणि हृदय धोक्यात येते. दुसऱ्या महायुद्धानंतर उपासमारीतून सुटलेल्या कैद्यांत डॉक्टरांनी हे पाहिले. ढिगाऱ्यातून काही दिवसांनी बाहेर आलेल्या माणसालाही हाच नियम लागू पडतो. पारण्याची जुनी रीत इथे शास्त्राशी जुळते. मात्र मधुमेही, गर्भवती, मूत्रपिंडाच्या विकाराने ग्रस्त व्यक्तींनी तपाचा निर्णय डॉक्टरांना सांगूनच घ्यावा. सोळाकारण भावनांत 'शक्तितस्तप' आहे. तपाला शक्तीची मर्यादा परंपरेनेच घातली आहे. चौविहार पाळणारा रुग्ण इन्सुलिन घेत असेल, तर सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नेम परिचारिकेने आधीच विचारून डॉक्टरांच्या कानी घालावा. त्यानुसार मात्रा आणि वेळ ठरवता येते. न विचारल्यास मध्यरात्री साखर उतरून रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. रुग्णाचा नेम आपल्या नेमापेक्षा वेगळा असेल, तरी हीच विचारपूस तितक्याच आदराने करावी.

चार दाने

जैन परंपरेने आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. आजारी साधूंची शुश्रूषा, म्हणजेच वैयावृत्य, हे तर अभ्यंतर तपांपैकी एक मानले आहे. धनवान श्रावक यांपैकी एखादे दान मोठ्या प्रमाणावर करू शकतो. परिचारिकेच्या वाट्याला मात्र एकाच पाळीत चारही येतात. रुग्णाला योग्य घास भरवते ते आहारदान. मात्रा आणि वेळ चुकू न देता औषध देते ते औषधदान. बाळंतिणीला, म्हाताऱ्या सासूला, शेतमजुराला पाणी उकळण्याचे कारण समजावते ते ज्ञानदान. आणि रात्री तीन वाजता घाबरून उठलेल्या रुग्णाजवळ जाऊन त्याची नाडी धरते ते अभयदान.

यांपैकी अभयदान शास्त्रावाचून पुरे पडत नाही. धीराचे शब्द कोणीही देऊ शकतो. परंतु लघवीचा रंग पाहून धोका ओळखणारी, मातीची जखम न शिवण्याचा आग्रह धरणारी, चमचा सपाट करून मीठ मोजणारी परिचारिका शेजारी असेल, तरच रुग्णाचे निर्भय होणे खरे असते. जमीन पुन्हा कधी हलेल, हे कोणी सांगू शकत नाही. ती हलली तर पहिल्या दिवशी हात लागतील ते दगड उचलणाऱ्यांचे. दुसऱ्या दिवसापासून कोण जगेल, हे बऱ्याच अंशी पेशी, जंतू आणि अन्न जाणणाऱ्या हातांवर ठरेल.

संस्थेच्या पन्नास वर्षांच्या सेवेला वंदन आणि या विद्यार्थिनींच्या हातांना यतनेचे बळ लाभो, ही जिनेश्वरचरणी प्रार्थना.

जय जिनेन्द्र.